सरपण तोडून देण्याचा दर किती लावावा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळ्यात पडलेल्या झाडांची लाकडे हिवाळ्यापर्यंत आवारात तशीच पडून राहतात आणि लग्नसराई जवळ आली की ती फोडून घेण्याची घाई सुरू होते. त्यामुळेच असेल, या वेळी तीन पत्रे एकाच विषयावर आली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मोठे झाले आहे, कारण उरलेल्या दोन प्रश्नांचा पायाही त्यातच आहे.

प्रश्न : मी नवी मुंबईत घणसोलीला राहतो आणि रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात फिटर आहे. आमच्या सोसायटीत पडलेले झाड उचलायला कोणी येईना, तेव्हा मी लाकूड कापायचे पेट्रोलवर चालणारे मशीन विकत घेतले. आता रविवारी लोक बोलावतात. कोणाला आवारातले ओंडके कापून हवे असतात, कोणाला हळदीच्या जेवणासाठी सरपण फोडून हवे असते. एका ठिकाणी मी ५०० रुपये घेतले आणि सबंध दिवस गेला. दुसऱ्या ठिकाणी ३,००० सांगितले, तर त्यांनी पुन्हा फोनच केला नाही. एक बेकरीवाले वर्षभराचा बांधून दर मागत आहेत. दर तासावर लावावा, वजनावर लावावा की कामावर?

उत्तर : आपण सांगितलेले दोन्ही आकडे समोरच्या माणसाकडे पाहून सांगितलेले दिसतात. लाकडाकडे आणि स्वतःच्या खर्चाकडे पाहून ते ठरलेले नाहीत, म्हणून ५०० कमी होते की ३,००० जास्त, हे आपल्यालाही ठामपणे सांगता येत नाही. आधी आपला एक दिवस आपल्याला केवढ्याला पडतो तो आकडा काढावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. पुढे आम्ही जो हिशेब मांडतो त्यातले आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

मशीन १२,००० रुपयांचे आहे आणि ते ४०० तास चालेल असे धरले, तर तासाला ३० रुपये झीज झाली. मशीनची लाकूड कापणारी साखळी ९०० रुपयांची, कानस मारत मारत ३० तास टिकली, तर तीही तासाला ३० रुपये खाते. साखळी ज्या पट्टीवर फिरते तिचे १० रुपये धरावेत. आपल्या मापाचे मशीन जोराने चालवले की तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पिते, त्याचे १०५ रुपये. त्यात मिसळायच्या टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाच्या) ऑइलचे १६. आणि साखळीवर सतत पाझरणाऱ्या ऑइलचे ८०. हे शेवटचे ऑइल बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत, पण पेट्रोलच्या जवळजवळ निम्म्या मापाने ते खर्च होत असते. सगळे मिळून मशीन चालू असतानाचा एक तास २७० रुपयांच्या आसपास जातो.

पण दिवसभरात मशीन फार तर तीन तास चालते. उरलेला वेळ ओंडके ओढण्यात, पाचर ठोकून फोडण्यात, रास रचण्यात आणि साखळीला धार लावण्यात जातो. म्हणजे मशीनचे ८१० रुपये. सोबतीला एक माणूस हवाच. त्याची मजुरी ८०० धरली. हत्यारे नेण्याआणण्याचे ३००. राहिली आपली स्वतःची मजुरी, आणि ती काय धरावी याबद्दल आमचे मत पक्के आहे. कारखान्यात जादा कामाला नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी देण्याचा कायदा आहे. रविवार हा आपल्या हक्काच्या विश्रांतीचा दिवस आहे, तो देऊन आपण हे काम करत आहात, तेव्हा स्वतःला त्याहून कमी का लेखावे? पगार महिना २०,८०० असेल तर २६ दिवसांच्या हिशेबाने दिवसाचे ८०० आणि तासाचे १०० झाले. त्याची दुप्पट २००. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत आठ तास लागत असतील तर १,६०० रुपये. येथपर्यंतची बेरीज ३,५१० होते. पावसाने बुडालेला रविवार, ऐन वेळी रद्द झालेले काम आणि दुरुस्तीला पडलेले मशीन यांसाठी त्यावर १५ टक्के चढवले की आकडा ४,०००च्या थोडा वर जातो. या उदाहरणातल्या माणसाने ५०० रुपयांत काम केले, तर सोबत्याची मजुरीसुद्धा त्याच्या खिशातून जाईल. आपण सांगितलेल्या ३,००० मध्ये अवाजवी काही नव्हते.

आता हा दर कोणत्या मापाने सांगावा? तासावर काम घेऊ नये असे आम्हाला वाटते. गिऱ्हाईक घड्याळ लावून बसते, आपण धार लावायला थांबलात की त्याला ते वाया गेलेले पैसे वाटतात, आणि मग आपण बोथट साखळीने काम रेटू लागता. तिथेच अपघाताची सुरुवात होते. साखळीला धार असते तेव्हा मशीनमधून लाकडाच्या जाडसर ढलप्या उडतात. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला आणि मशीन दाबून धरावे लागले की थांबून कानस मारण्याची वेळ झाली असे समजावे. ज्या दरात या थांबण्याला जागा नाही तो दर आपल्या हातापायाला धोका आहे.

वजनाचा दर सोपा दिसतो, पण त्यात ओल्या लाकडाचा घोळ असतो. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मे पाणी असू शकते. तसे १०० किलो लाकूड चांगले वाळले आणि त्यात २० टक्के ओल राहिली, तर काट्यावर ६२-६३ किलोच भरते. आपले श्रम तेवढेच, पण आज मोजले तर एक मजुरी आणि मार्चमध्ये मोजले तर दुसरी. म्हणून क्विंटलवर काम घेतलेच तर वजन कधी आणि कोणत्या काट्यावर करायचे ते आधी बोलून घ्यावे. मापाने द्यायचे झाल्यास ब्रास बरा. १० फूट लांब, ५ फूट उंच आणि २ फूट रुंद अशी रास रचली की १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास झाला. रचलेल्या राशीतला तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग मोकळी हवाच असते, आणि रास सैल रचली तर ती आणखी वाढते, हे गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगावे. नंतरची कुरबुर टळते.

आमची शिफारस मात्र अशी की, लाकूड डोळ्यांनी पाहावे आणि सबंध कामाचा एक आकडा सांगावा. फोनवर दर देऊ नये, निदान फोटो तरी मागवावेत. पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांवरच सगळे अवलंबून आहे. पहिली गोष्ट म्हणजे जात. सुरूचे लाकूड सरळ फुटते. चिंचेचे धागे एकमेकांत पिळलेले असतात. पाचर आत जाते आणि तिथेच अडकते. नारळाचे खोड कुऱ्हाडीला दाद देत नाही आणि साखळीची धार लवकर घालवते. साध्या लाकडाचे दोघांच्या हातून दिवसाला १५ क्विंटल काम होत असेल तर वरच्या हिशेबाने क्विंटलला २७० रुपये पडतात. गाठाळ चिंच दिवसाला निम्मीच झाली तर तोच दर दुपटीवर जातो. दोन्हींना एकच दर लावणारा माणूस चिंचेच्या कामात बुडतो.

दुसरी गोष्ट तुकड्याची लांबी, आणि गिऱ्हाइकाशी सर्वांत जास्त वाद इथेच होतात. १० फुटांचा ओंडका दोन-दोन फुटांत कापायचा तर चार काप लागतात. तोच ओंडका घरच्या चुलीसाठी फूट-फूट करून मागितला तर नऊ काप लागतात. पेट्रोल, साखळी आणि वेळ दुपटीहून जास्त, आणि लाकूड तेवढेच. म्हणून बोलणी करताना "केवढे तुकडे हवेत?" हा पहिला प्रश्न असू द्यावा. मोठ्या पातेल्यांच्या चुलाण्याला दोन-अडीच फुटी फाटे चालतात, हे हळदीचा स्वयंपाक करणारे आचारी जाणतात, पण यजमानाला ते ठाऊक नसते आणि तो सगळेच बारीक मागतो. आचाऱ्याशी एकदा बोलून घेतले तर दोघांचे पैसे वाचतात.

तिसरी गोष्ट लोखंड. सोसायट्यांच्या झाडांत खिळे, पाट्यांच्या तारा, दिव्यांच्या माळांचे आकडे आणि जुन्या संरक्षक जाळीचे तुकडे सालीखाली गडप झालेले असतात. त्यांवर साखळी क्षणभर लागली तरी दात जातात. साल पाहून घ्यावी, काळपट डाग दिसला तर तेवढा भाग वगळावा, आणि "लोखंड लागून साखळी गेली तर तिची किंमत वेगळी" हे काम सुरू होण्याआधी सांगून ठेवावे.

गिऱ्हाईक आकडा ऐकून मागे सरले तर आकडा न उतरवता काम उतरवावे. ओंडके ओढायला घरची माणसे येतील का, रास तेच रचतील का, फोडायचे सोडून नुसते कापून दिले तर चालेल का, असे विचारावे. ३,००० ऐकून गेलेल्या त्या माणसाला कदाचित नुसते कापूनच हवे असेल. ते काम निम्म्या दिवसात झाले असते.

आणखी एक गोष्ट आम्हाला मनापासून सांगायची आहे. महिन्याचा पगार येतो म्हणून मिळतील त्या पैशांत काम घेण्याची इच्छा आपल्याला होईल. पण ठाणे-कल्याणच्या मजूर नाक्यांवर शहापूर-मुरबाडकडून येणारे जे लोक कुऱ्हाड घेऊन उभे असतात, त्यांच्या घरी त्या दिवसाच्या मजुरीवरच चूल पेटते. आपल्या ५०० रुपयांचा दाखला देऊन पुढच्या रविवारी त्यांची मजुरी पाडली जाईल. दर ठरवण्याआधी एकदा नाक्यावर आणि एकदा वखारीत जाऊन चालू भाव विचारून यावा, आणि त्याखाली उतरू नये. शक्य झाले तर सोबतीचा माणूस नाक्यावरूनच घ्यावा. फोडणीच्या कामात त्याचा हात आपल्यापेक्षा बसलेला असेल.

बेकरीवाल्यांच्या वर्षभराच्या दराला सध्या होकार देऊ नये. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले होते. तो आदेश मुंबईपुरता असला तरी हवेचा प्रश्न खाडी ओलांडून नवी मुंबईतही आहेच, आणि बेकरीच्या कामाच्या भरवशावर दुसरे मोठे मशीन घेणे आम्हाला धोक्याचे वाटते. शिवाय बांधून घेतलेल्या दरात पेट्रोल वाढले तर नुकसान आपले. हवे तर तीन महिन्यांचा दर द्यावा.

उभ्या झाडाला मात्र हात लावू नये. महापालिका हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड खासगी आवारातले असले तरी तोडायला महापालिकेची परवानगी लागते, आणि फांद्या छाटण्याआधीही उद्यान विभागाकडे अर्ज करून घ्यावा. गिऱ्हाईक "आमचेच झाड आहे" म्हणाले तरी परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय मशीन चालू करू नये. वर चढून फांद्या उतरवणे, विजेच्या तारांजवळ काम करणे हे सर्वस्वी वेगळे कसब आहे. त्याचा दर आम्ही सांगणार नाही, कारण आपण ते काम घ्यावे असे आम्हाला वाटत नाही. जमिनीवरच्या कामालाही हेल्मेट, चष्मा, जाड बूट आणि मांड्यांवरचे संरक्षक आवरण हवे, आणि त्यांचा खर्च मशीनच्या किमतीत मिळवून वरचा हिशेब पुन्हा करावा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उलटे अंगावर उसळते. एकट्याने काम करू नये ते यासाठीच. जोडकामाबद्दल आपल्या नेमणूकपत्रात काही अट आहे का, तेही एकदा वाचून घ्यावे.

प्रश्न : मी बेलापूरजवळ दिवाळे गावात राहते आणि लग्नाच्या, हळदीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. आमच्या आवारातला आंबा जुलैत पडला. गावातला एक जण पैसे न घेता तोडून देतो म्हणतो, पण निम्मे लाकूड मागतो. हे वाजवी आहे का? आणि कमी पडले तर खाडीकाठचे सुकलेले तिवर (खारफुटी) आणले तर चालते का?

उत्तर : ताई, निम्म्या वाटणीची पद्धत जुनी आहे आणि ती मुळात वाईट नाही, पण तिच्यात मजुरी झाकली जाते. वखारीत आंब्याच्या फोडलेल्या लाकडाचा भाव काय आहे तो विचारा आणि आपल्या झाडाचे लाकूड अंदाजे किती क्विंटल भरेल ते जाणत्या माणसाकडून काढून घ्या. निम्म्या लाकडाची किंमत एका बाजूला आणि वरच्या उत्तरात सांगितला तसा तोडणीचा खर्च दुसऱ्या बाजूला मांडा. झाड मोठे आणि खोड सरळ असेल तर निम्मे देणे आपल्याला महाग पडेल, तिसरा हिस्सा पुरेसा होईल. झाड लहान, वाकडे आणि गाठाळ असेल तर निम्म्यातही त्या माणसाच्या हाती फारसे उरणार नाही.

वाटणी कशी होते यावर लक्ष ठेवा. खोडाचे जाड फाटे एका राशीत आणि काटक्या-डहाळ्या दुसऱ्या राशीत रचल्या आणि मग एकेक रास वाटून घेतली, तर ते निम्मे नव्हे. आपल्या चुलाण्याला रात्रभर जाळ धरणारे लाकूड त्याच्याकडे गेलेले असेल. दोन्ही राशींची वेगवेगळी निम्मी वाटणी करा. आणि आपल्या वाट्याचे लाकूड आपल्याला लागते त्या लांबीचे, फोडून, रचून मिळणार आहे की नुसते कापून, हे आधीच ठरवा. न फोडलेला ओंडका वर्षभर ठेवला तरी आत ओलाच राहतो. फोडलेले लाकूड विटांवर उचलून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा लागेल असे रचले तर एप्रिल-मेच्या लग्नांपर्यंत ते जाळण्याजोगे होईल. ओल्या आंब्याचा धूर आपण चुलीपुढे बसून सोसलेला असेलच, तेव्हा तोडणी आता लांबवू नका. झाड पडल्याचे फोटो काढून महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवले नसेल तर तोडणीआधी कळवा. आपण उभे झाड तोडले असा आरोप येऊ नये.

तिवराबद्दल आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. खारफुटी १९६४ च्या झाडतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, खैर यांच्या बरोबरीने आहे, आणि उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातील खारफुटीच्या तोडीला मनाई करणारा निकाल दिला आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी तिवराचे सरपण घरोघर येत असे, हे आम्ही जाणतो. पण ज्या खाडीवर गावाची मासेमारी उभी आहे तिच्या पिलावळीला ही झाडे आसरा देतात. सुकलेली दिसली तरी ती आणू नका.

प्रश्न : मी बाळकुम, ठाणे येथे राहतो. माझ्याकडेही असे मशीन आहे. मुरबाडला मामांचे घर आहे आणि भावकीतले सगळे हक्काने बोलावतात. पैसे मागायला जीभ उचलत नाही, आणि दर फेरीला पदरचे पैसे जातात. काय करावे?

उत्तर : आपल्या माणसांसाठी स्वतःची मजुरी सोडायची की नाही, हा आपला प्रश्न आहे आणि सोडलीत तर त्यात गैर काही नाही. मात्र पेट्रोल, ऑइल, साखळीची झीज, जाण्यायेण्याचा खर्च आणि सोबतीच्या माणसाची मजुरी हे आपले पैसे नाहीत. ते बाहेर जाणारे पैसे आहेत आणि ते घ्यावेत. ते मागताना संकोच वाटत असेल तर निघण्याआधी मामांना फोनवरच सांगावे, "मामा, माझे काही नको, पण पेट्रोल-ऑइलचे आणि गड्याचे मिळून इतके होतील." काम झाल्यावर अंगणात सर्वांसमोर आकडा सांगण्यापेक्षा हे दोघांनाही सोपे जाते. पैशांऐवजी तांदूळ किंवा सरपणाचा वाटा देऊ केला तर तो घ्यायला हरकत नाही. फक्त सरपण ठाण्याला आणायचे असेल तर ते कोणत्या झाडाचे आहे ते पाहावे, आणि त्या जातीच्या वाहतुकीला परवाना लागतो का, हे तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच गाडीत भरावे.